रुंद टेबल टॉप बेसिन घेताना: आधी भिंत मोजा, मग दुकानात जा

रुंद टेबल टॉप बेसिनच्या, म्हणजे ओट्यावर ठेवायच्या बेसिनच्या, बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. ओटा आधी बांधला, बेसिन नंतर आणलं आणि नळ सगळ्यात शेवटी. मग बेसिनची कड छातीशी येते, नळाचं पाणी बेसिनच्या मागच्या उतारावर पडून अंगावर उडतं, आणि ग्रॅनाइटला पाडलेलं भोक दोन इंच चुकीच्या जागी असतं. इंदूरला राजेंद्रनगर, सुदामानगरच्या जुन्या घरांत न्हाणीघराचं नवं काम निघतं तेव्हा मिस्त्री, प्लंबर आणि सुतार वेगवेगळ्या दिवशी येतात, त्यामुळे ही चूक हमखास होते. बेसिन, नळ आणि ओटा या तिन्हींचा निर्णय एकाच दिवशी, एकाच कागदावर घ्यायचा. भिंतीतले पाइप बुजवण्याआधी बेसिन आणि नळ घरात आलेले असले पाहिजेत.

किती रुंद घ्यायचं

साधं टेबल टॉप बेसिन १६ ते २० इंचांचं असतं. २४ इंचांपासून पुढचं रुंद समजा. बाजारात त्यापुढे ३० ते ३२, ३६ आणि ४८ इंच अशी मापं मिळतात. बेसिनच्या दोन्ही बाजूंना ओट्यावर किमान ४ इंच, शक्यतो ६ इंच मोकळे हवेत. तिथे साबण आणि ब्रश तर ठेवायचेच असतात, पण खरं कारण पुसायला हात जाण्याचं आहे. म्हणजे २४ इंची बेसिनला ३६ इंचांचा आणि ३२ इंची बेसिनला ४० ते ४४ इंचांचा ओटा. बेसिन भिंतीला एका बाजूने चिकटवून बसवलं तर मधल्या बोटभर फटीत साबणाचा गाळ साठतो आणि तिथे काहीच पोहोचत नाही. एवढी जागा नसेल तर एक माप लहान बेसिन घ्या.

दोघांनी एकदम वापरायचं असेल तर दोन नळांच्या मध्यांत किमान २४ इंच, खरं तर ३० इंच अंतर हवं. ते ४८ इंची बेसिनमध्येच नीट जमतं. ३६ इंची बेसिनवर दोन नळ लावले की कोपराला कोपर लागतो आणि दुसरा नळ वर्षभर कोरडा राहतो. त्या मापात एकच नळ लावा आणि उरलेल्या रुंदीचा आराम घ्या.

पुढून मागेपर्यंतचं माप लोक विसरतात. बेसिन पुढून मागे १४ ते १६ इंच असतं, ओटा १८ ते २२ इंच. ओट्याच्या पुढच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंत २४ इंच तरी उरले पाहिजेत, ३० असतील तर उत्तम. पाच फुटी न्हाणीघरात २० इंचांचा ओटा सहज बसतो, मात्र दार आत उघडत असेल तर ते ओट्याच्या कोपऱ्यावर आपटत नाही ना, हे प्रत्यक्ष दार उघडून पाहा. जमिनीवर खडूने ओटा आखायचा आणि त्यावर बेसिनच्या मापाचा पुठ्ठा ठेवून समोर उभं राहायचं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कॅटलॉगमधल्या कुठल्याही फोटोपेक्षा खरं सांगतं.

उंची: ओट्याची नाही, कडेची

मिस्त्रीच्या हाताला स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची बसलेली असते, ३२ ते ३३ इंच. न्हाणीघरातही तो तीच धरतो. त्यावर ५ ते ६ इंच उंचीचं बेसिन ठेवलं की कड ३८ इंचांवर जाते. मग तोंड धुताना पाणी कोपरावरून बाहीत शिरतं, मुलांना स्टूल लागतं आणि आजींना गुळणी करताना टाचा उचलाव्या लागतात.

बेसिनच्या वरच्या कडेची उंची फरशीपासून ३२ ते ३४ इंच हवी. त्यातून बेसिनची उंची वजा करा. बेसिन ५ इंच असेल तर ओट्याचा वरचा पृष्ठभाग २७ ते २९ इंचांवर. घरातली सगळी माणसं उंच असतील तर एखादा इंच वाढवा, वयस्कर मंडळी असतील तर ३२च धरा. आणि हे माप फरशी बसल्यानंतरचं आहे. कोब्यावरून मोजलं आणि नंतर टाइल्सचा थर चढला, तर दीड-दोन इंचांची गल्लत होते. मिस्त्रीला नुसतं सांगू नका, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून ‘तयार फरशीपासून’ असं लिहा.

नळ, भोक आणि भिंत यांची एक रेघ

सगळ्यात जास्त डोकं इथेच लावावं लागतं. नळाच्या तोंडातून पडणारी धार बेसिनच्या पाणी जाण्याच्या भोकावर किंवा त्याच्या अगदी अलीकडे पडायला हवी. धार मागच्या उतारावर पडली की ती पुढे उसळते, पोटावर पाणी उडतं आणि हात धुताना बोटं बेसिनच्या मागच्या भिंतीवर आपटतात.

एक हिशेब करून पाहू. बेसिन पुढून मागे १५ इंच, म्हणजे ३८० मिमी. भोक मध्यावर, म्हणजे मागच्या कडेपासून १९० मिमी. उंच पिलर नळ (ओट्यावर उभा बसणारा) बेसिनच्या मागे, कडेपासून ५० मिमी अंतरावर. तर नळाच्या बुंध्यापासून भोक २४० मिमी लांब. बाजारातल्या बहुतेक उंच पिलर नळांची पोहोच १३० ते १६० मिमी असते. १५० धरली तर धार मागच्या कडेच्या आत जेमतेम १०० मिमी पडते, त्यातून बेसिनची जाडी गेली की हाताला ८५ मिमी उरतात. मोठ्या माणसाची ओंजळ एवढ्यात मावत नाही.

यातून सुटायचे मार्ग आहेत. ज्याचं भोक मध्यावर नसून मागच्या बाजूला आहे असं बेसिन घ्या. किंवा बेसिनमध्येच नळासाठी सपाट पट्टी असलेलं घ्या, त्यात नळ आपोआप ५०-६० मिमी पुढे येतो. किंवा नळ भिंतीतून काढा. भिंतीतला नळ रुंद बेसिनला सर्वांत शोभतो आणि ओटा पुसायला मोकळा राहतो. बेसिन भिंतीपासून ५० मिमी पुढे ठेवलं तर वरच्याच मापात भिंतीपासून भोक २४० मिमीवर येतं, आणि २०० मिमी पोहोचीचा नळ बरोबर बसतो. त्याच्या तोंडाची उंची बेसिनच्या कडेच्या वर ४ ते ५ इंच ठेवा. कड ३३ इंचांवर असेल तर तोंड ३७-३८ इंचांवर. त्यापेक्षा वर गेला तर उथळ बेसिनमधून पाणी उडतं, त्यापेक्षा खाली आला तर तांब्या भरता येत नाही.

भिंतीतल्या नळाचा धोका एकच, पण मोठा: त्याचा आतला भाग किती खोल बसवायचा हे टाइल्सच्या आधी ठरतं. प्लास्टर, टाइलचा मसाला आणि टाइल मिळून २०-२५ मिमी सहज होतात. प्लंबरने विटेच्या पातळीवर मोजलं तर नंतर बाहेरची तबकडी आट्यांपर्यंत पोहोचत नाही, किंवा आतला भाग टाइलच्या बाहेर डोकावतो. डब्यातल्या कागदावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोली छापलेली असते, ती टाइल धरून पाळायची. साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी मारायची वेळ आली तर भिंतीच्या पलीकडे काय आहे तेही बघून घ्या.

पिलर नळच घ्यायचा असेल तर दुकानदाराला ‘पाण्याच्या तोंडाची उंची’ विचारा. डब्यावरचा आकडा बहुधा नळाच्या एकूण उंचीचा असतो. ५ इंची बेसिनसाठी तोंड ओट्यापासून ९ ते १० इंच वर हवं.

आता दाबाचं. इंदूरच्या बहुतेक घरांत न्हाणीघराचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, आणि दर १ मीटर उंचीला सुमारे ०.१ बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर टाकीचं बूड आणि नळ यांच्यात साधारण १० फूट अंतर असलं तर दाब ०.३ बार. धबधब्यासारखे पसरट नळ आणि कित्येक सिंगल लिव्हर मिक्सर (एकाच दांड्याने गरम-गार पाणी मिसळणारे नळ) याहून जास्त दाब मागतात. डब्यावर किमान दाब लिहिलेला असतो तो वाचा. घरात तपासायचं असेल तर सध्याच्या नळाखाली लिटरची बाटली धरा. १० सेकंदांत भरली तर मिनिटाला ६ लिटर, बेसिनला पुरेसं. २० सेकंद लागले तर साधा, आतून रुंद वाटेचा नळ घ्या. तळमजल्यावर उलटी अडचण येते: दाब जास्त आणि बेसिन उथळ असेल तर फरशी ओली. तिथे बेसिनखालचा अँगल कॉक (पाणी कमी-जास्त करायची चावी) थोडा आवळला की काम भागतं.

दुकानात काय पाहायचं

रुंद सिरॅमिक बेसिन भट्टीतून सरळ निघणं अवघड असतं. ओली माती वाळताना आणि भाजताना लांबी-रुंदीत साधारण दहाव्या हिश्शाने आकसते, आणि तुकडा जितका लांब तितकी कड उचलली जाण्याची किंवा पोट खाली बसण्याची शक्यता जास्त. म्हणून १८ इंची बेसिनला न करायची एक तपासणी ३२ इंचीला करायचीच. बेसिन काचेच्या काउंटरवर किंवा सपाट ग्रॅनाइटवर ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगलं तर दुसरं मागा. कडेखाली फट असेल तर त्यात नाणं सरकवा. १-२ मिमी फट सिलिकॉन झाकतं, ३ मिमीच्या वरची नाही. झाकली तरी दोन पावसाळ्यांत ती रेघ काळी पडते.

दुसरी तपासणी पाण्याची. सोबत लिटरभर पाण्याची बाटली न्या आणि बेसिनच्या लांबच्या कोपऱ्यात ओता (भोकाखाली बादली ठेवायला सांगा). रुंद बेसिनचा तळ सपाट दिसावा म्हणून उतार फार कमी दिलेला असतो. सगळं पाणी गेल्यावर तळाशी थेंब राहिले तर चालतील, थारोळं राहिलं तर घेऊ नका. रोज तिथे टूथपेस्ट आणि दाढीचे केस थांबतील, आणि बोरिंगचं पाणी असेल तर महिन्याभरात पांढरा चकत्यांचा नकाशा उमटेल. दुकानदाराला पाणी ओतलेलं आवडणार नाही. तरी ओता.

मग बोटाच्या पेराने टिचकी मारा. टणटणीत घुमला तर तुकडा साबूत. भद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे. गुजरातमधल्या थानगढ, मोरबीकडून ट्रकने येणारा माल हजारदा उचलला-ठेवलेला असतो, आणि चीर बहुधा भोकाभोवती किंवा खालच्या कडेला असते. डबा उघडून तोच तुकडा तपासा, शोकेसमधला पाहून बंद डबा घरी आणू नका.

साहित्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: रोजच्या वापराला पांढरं, चकचकीत व्हिट्रियस सिरॅमिक. त्याचं भारतीय मानक आयएस २५५६ आहे, आणि या प्रकारच्या मालात पाणी जवळपास शिरतच नाही, सरासरी शोषण ०.५ टक्क्याच्या आत असतं. मॅट काळं किंवा राखाडी बेसिन फोटोत देखणं दिसतं, पण क्षारयुक्त पाण्याचा प्रत्येक थेंब त्यावर पांढरा उमटतो. आणि इंदूरकरांनी रंगपंचमीचा विचार करावाच. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, संपल्यावर घरातले चार जण हात-तोंड धुतात तेव्हा चकचकीत सिरॅमिकवरचा रंग साबणाने निघतो. मॅट ग्लेझ, सिमेंटचं किंवा सच्छिद्र दगडाचं बेसिन तो रंग धरून ठेवतं.

सॉलिड सरफेस, म्हणजे राळ आणि खनिज पावडरचं ओतीव बेसिन, मोठ्या मापात सिरॅमिकपेक्षा सरळ मिळतं, आणि त्यावरचा ओरखडा बारीक पॉलिश पेपरने काढता येतो. ४८ इंचांचं घ्यायचं असेल तर ते विचारात घेण्यासारखं आहे. पॉलिमार्बलचं स्वस्त बेसिन मात्र टाळा. त्याच्या वरच्या पातळ थराला गरम पाण्याने भोकाभोवती जाळीदार चिरा पडतात आणि त्या दुरुस्त होत नाहीत. संगमरवरी बेसिन हवंच असेल तर लिंबू, व्हिनेगर आणि टॉयलेट क्लीनर त्याच्या आसपासही नको. आम्लाने संगमरवराची झिलई एकाच दिवसात जाते.

कपलिंग: चुकीचं बसलं तर कपाट कुजतं

बेसिनच्या भोकात बसणारं कपलिंग दोन प्रकारचं असतं, हाफ थ्रेड आणि फुल थ्रेड. बेसिनच्या भिंतीत वरच्या बाजूला जादा पाणी जाण्याचं छिद्र असेल तर हाफ थ्रेड. त्याच्या वरच्या भागातल्या खाचांतून ते पाणी आत येतं. टेबल टॉप बेसिनला असं छिद्र बहुधा नसतं, त्याला फुल थ्रेड, म्हणजे खाचा नसलेलं, लागतं. प्लंबरकडे पिशवीत असेल ते त्याने बसवलं आणि छिद्र नसलेल्या बेसिनला हाफ थ्रेड लागलं, तर पाणी खाचांतून कपलिंगबाहेर येतं आणि बेसिन व ओटा यांच्या मधून खाली झिरपतं. वरून काहीच दिसत नाही. सहा महिन्यांनी खालच्या ड्रॉवरची प्लाय फुगते तेव्हा कळतं.

लांबीही बघा. १८ मिमी ग्रॅनाइट, त्याखाली १८ मिमी प्लाय आणि बेसिनचा तळ यांतून ३ इंची कपलिंग गेलं की नट धरायला आटेच उरत नाहीत. अशा ठिकाणी ५ इंची घ्या.

छिद्र नसलेल्या बेसिनला दाबून बंद होणारं पॉप-अप बसवू नका, कायम उघडं राहणारं जाळीचं बसवा. ३२ इंची बेसिनमध्ये २५-३० लिटर पाणी मावतं, म्हणजे मिनिटाला ६ लिटरची धार ते पाच मिनिटांत भरते. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येणाऱ्या वस्तीत टाकी रिकामी असताना कुणीतरी नळ उघडून पाहतं, पाणी नाही म्हणून तसाच सोडतं, आणि पहाटे मोटर लागली की बेसिन भरून वाहू लागतं. पॉप-अप उघडं असेल तर नुसतं पाणी वाया जातं. बंद असेल तर दिवाणखान्यापर्यंत ओल पोहोचते.

कपलिंगखाली ३२ मिमीचा बॉटल ट्रॅप (गटाराचा वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारा भाग), आणि त्याचं पाणी भिंतीत नेणाऱ्या तोंडाची उंची फरशीपासून १८ ते १९ इंच. साध्या बेसिनच्या सवयीने प्लंबर हे तोंड वर ठेवतो, आणि कमी उंचीच्या ओट्याखाली ट्रॅप मावत नाही. फरशीतल्या नहाणी ट्रॅपकडे जाणाऱ्या आडव्या पाइपला दर फुटाला पाव इंच उतार हवा. पाहुण्यांच्या न्हाणीघरातलं बेसिन महिनोन्‌महिने वापरात नसेल तर मे महिन्यात ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराचा वास येतो. आठवड्याला एक तांब्या पाणी टाकलं की पुरे.

ओटा कापणं आणि बेसिन बसवणं

बेसिन हातात येईपर्यंत ग्रॅनाइटला भोक पाडू देऊ नका. डब्यात कागदी साचा असला तरी तो भाजण्याआधीच्या कल्पनेचा असतो. प्रत्यक्ष तुकड्याचं भोक काही मिलिमीटर सरकलेलं असतं. बेसिन ओट्यावर ठेवा, नळाची धार कुठे पडेल ते पट्टीने तपासा, मगच भोकातून पेन्सिलने खूण करा. ४५ ते ५० मिमीचं गोल भोक कोअर कटरने, पाणी सोडत, पाडायचं. छिन्नीने पाडलेल्या भोकापासून पुढच्या कडेपर्यंत चीर जाते, कारण तिथे दगड सर्वांत अरुंद असतो.

वजनाचा अंदाज घ्या. बेसिन, त्यातलं पाणी, दगड आणि वर टेकून उभं राहणारा माणूस. तरंगत्या ओट्याला भिंतीत बसवलेले लोखंडी अँगल हवेत, दोन अँगलमध्ये दोन फुटांपेक्षा जास्त अंतर नको, आणि त्यांतला एकही भोकाच्या बरोबर खाली येता कामा नये. खालच्या कपाटाला आयएस ७१० ची मरीन प्लाय किंवा पीव्हीसी बोर्ड वापरा. कापलेल्या प्रत्येक कडेला, विशेषतः ट्रॅपसाठी कापलेल्या खाचेला, पट्टी किंवा सीलर लागलंच पाहिजे. प्लायमध्ये पाणी कडेतून शिरतं.

बसवताना पांढरं सिमेंट नको. ते बेसिनला ओट्याशी असं बांधतं की पुढे कपलिंग बदलायचं झालं तर बेसिन फोडावं लागतं. न्यूट्रल सिलिकॉनची एक अखंड रेघ खालच्या कडेवर, कपलिंगच्या टोपीखाली दुसरी, आणि खालून रबरी वॉशर लावून नट हाताने घट्ट झाल्यावर पान्याने फक्त अर्धा फेरा. जास्त आवळलं की भोकाभोवती सिरॅमिकला तडा जातो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवराला आणि आरशाच्या पाठीला डागतं, म्हणून नळकांड्यावर ‘न्यूट्रल’ छापलेलं इंदूरच्या सियागंज बाजारात मागून घ्या, किंमत थोडी जास्त पडली तरी.

२४ तास बेसिन वापरू नका. दुसऱ्या दिवशी कपाटात ट्रॅपखाली कोरडं वर्तमानपत्र पसरा, भोक फडक्याने बंद करून बेसिनमध्ये चार इंच पाणी भरा, पाच मिनिटं तसंच ठेवा आणि मग एकदम सोडा. कागदावर एक थेंबही दिसला तर प्लंबर घरात असतानाच नट उघडून वॉशर बदलून घ्या. तोच कागद रात्रभर तिथेच राहू द्या आणि सकाळी पुन्हा बघा, कारण संथ गळती पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाही.